कंपाउंडरच्या टेबलावरून: अगाथा ख्रिस्तीच्या विषांची पार्श्वभूमी

(पुढे तीन कादंबऱ्यांची रहस्यं उघड होतात. न वाचलेल्यांनी आधी त्या वाचाव्यात.)

स्ट्रिक्नीन सल्फेट एक ग्रेन, पोटॅशियम ब्रोमाइड सहा ड्राम, आणि एकूण आठ औंस भरेल इतकं पाणी. अगाथा ख्रिस्तीच्या 'द मिस्टिरियस अफेअर अॅट स्टाइल्स' या पहिल्या कादंबरीच्या शेवटी तिचा गुप्तहेर हर्क्यूल पॉयरो औषधं बनवण्याच्या एका पुस्तकातून ही कृती वाचून दाखवतो. असं मिक्श्चर काही तास तसंच ठेवलं, की स्ट्रिक्नीनचा बराचसा भाग बारीक पारदर्शक स्फटिक होऊन तळाशी बसतो. अशाच मिक्श्चरचा शेवटचा डोस घेऊन इंग्लंडमध्ये एक बाई दगावली होती, असंही ते पुस्तक सांगतं. खुनाची सगळी योजना या चार ओळींत आहे.

हिशेब करून पाहिला की तिची धार कळते. एक ग्रेन म्हणजे साधारण 65 मिलिग्रॅम. आठ औंसांच्या बाटलीतून दर वेळी अर्धा औंस, म्हणजे एक मोठा चमचा घेतला, तर सोळा डोस होतात आणि प्रत्येकात जेमतेम 4 मिलिग्रॅम स्ट्रिक्नीन जातं. त्या काळी भूक लागावी, तरतरी यावी म्हणून टॉनिकमध्ये एवढं स्ट्रिक्नीन सर्रास घालत. स्ट्रिक्नीन सल्फेट पाण्यात चांगलं विरघळतं, स्ट्रिक्नीन ब्रोमाइड त्या मानाने फार कमी. म्हणून टॉनिकच्या बाटलीत झोपेच्या ब्रोमाइडच्या पुड्या ओतल्या, की स्ट्रिक्नीन द्रावणातून बाहेर पडून खाली साका धरतं. वरचे डोस जवळजवळ निर्धोक होतात आणि जवळपास सगळं विष तळाच्या चमच्यात उतरतं. प्रौढ माणसाचा जीव जायला तेवढं पुरतं. खुनी त्या दिवशी घरात असण्याचीही गरज नाही. रोगी स्वतःच्या हाताने बाटली संपवतो.

हे विष येतं काजऱ्याच्या बियांतून. काजरा ऊर्फ कुचला कोकणच्या रानात वाढतो आणि आपले वैद्य त्याच्या बिया शोधन, म्हणजे विष कमी करण्याची प्रक्रिया, केल्याशिवाय वापरत नाहीत. 'बाटली हलवून घ्या' ही सूचना तर जुन्या दवाखान्यांतल्या, डोसांच्या खाचांची कागदी पट्टी चिकटवलेल्या बाटल्या पाहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. ख्रिस्तीची कथा त्या सूचनेमागचं कारण उलगडते.

तिला हे सुचलं कुठून, याचं उत्तर टॉर्की या गावात आहे. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या या समुद्रकाठच्या गावी 15 सप्टेंबर 1890 रोजी तिचा जन्म झाला. 1914 मध्ये महायुद्ध सुरू झालं तेव्हा टॉर्कीच्या टाउन हॉलमध्ये रेड क्रॉसचं रुग्णालय उघडलं आणि ती तिथे स्वयंसेविका म्हणून लागली. त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी तिचं आर्चीबॉल्ड ख्रिस्तीशी लग्न झालं आणि तो लढाईवर परत गेला. मधे ती फ्लूने आजारी पडली. बरी होऊन परतली तेव्हा रुग्णालयात नवी डिस्पेन्सरी सुरू झालेली होती आणि तिची रवानगी तिकडे झाली. रेड क्रॉसच्या नोंदीत तिच्या नावावर एकूण 3,400 तासांचं काम आहे. डिस्पेन्सर म्हणून तिला वर्षाला 16 पौंड मिळू लागले.

डिस्पेन्सर म्हणजे आपल्याकडचा कंपाउंडर. तयार गोळ्यांच्या पट्ट्या अजून आलेल्या नव्हत्या. डॉक्टरची चिठ्ठी आली की पूड तोलायची, खलायची, मिक्श्चर भरायचं, मलम घोटायचं आणि लेबल लावायचं. तोलायला ग्रेन, ड्राम आणि औंस: साठ ग्रेनचा ड्राम, आठ ड्रामचा औंस. त्यातच मेट्रिक पद्धतही शिरू लागली होती. 1917 मध्ये ती लंडनच्या सोसायटी ऑफ अपॉथेकरीज या औषधनिर्मात्यांच्या संस्थेची परीक्षा उत्तीर्ण झाली. तयारी करताना तिने आणि सोबतिणीने आर्सेनिक ओळखण्याची मार्श चाचणी करून पाहिली आणि त्यात काचेचं कॉफीचं यंत्र उडवून दिलं. या चाचणीत जस्तावर आम्ल घालून हायड्रोजन काढतात. नमुन्यात आर्सेनिक असेल तर त्याचा वायू हायड्रोजनबरोबर बाहेर येतो. नळीच्या तोंडाशी तो पेटवून ज्योतीवर थंड चिनीमातीची बशी धरली, की काळसर चकचकीत डाग उमटतो. नळीतली हवा पूर्ण निघून जायच्या आत काडी लावली, तर हवा आणि हायड्रोजन मिळून स्फोट होतो.

तिच्या पुढच्या लेखनावर सगळ्यात खोल ठसा मात्र एका चुकीने उमटवला. ती गावातल्या एका औषधविक्रेत्याकडे धडे घ्यायला जात असे. आत्मचरित्रात ती त्याला फक्त 'मिस्टर पी' म्हणते. एके दिवशी सपोझिटरीच्या, म्हणजे गुदद्वारातून द्यायच्या औषधी वड्यांच्या, मिश्रणात त्याने दशांशचिन्ह एक घर चुकवलं आणि औषध दहापट पडलं. त्याला तोंडावर सांगायची तिची हिंमत होईना. नवशिक्या मुलीचं तो ऐकणार नव्हता. म्हणून पाय अडखळल्याचं सोंग करून तिने फळी पाडली आणि सगळ्या वड्या पायाखाली तुडवल्या. हाच माणूस खिशात क्युरारे या विषाचा खडा बाळगायचा. का, असं विचारलं तर म्हणाला, त्यामुळे आपल्या हातात ताकद असल्यासारखं वाटतं.

विषाचं अद्भुत वेड किंवा दुर्मीळ विषांची हौस तिच्या कथांच्या मुळाशी नाही, असं आमचं ठाम मत आहे. मुळाशी आहे ती कंपाउंडरची धास्ती. तळाशी बसलेला साका, सरकलेलं दशांशचिन्ह, फाटलेलं लेबल, एकाच्या डब्यात दुसऱ्याचं औषध: जे हातून कधीही होऊ नये म्हणून शिकवतात, तेच तिचे खुनी जाणूनबुजून करतात. रहस्यकथेत अज्ञात, न सापडणारी विषं वापरू नयेत, असा नियम 1929 च्या सुमारास इंग्लंडमध्ये रूढ झाला. ख्रिस्तीला त्याची अडचण कधीच वाटली नाही. तिची विषं औषधाच्या कपाटात, बागेत किंवा घरातल्या कीटकनाशकाच्या डब्यात असत.

डिस्पेन्सरीत कामाची एकतर धांदल, नाहीतर तासन् तास रिकामपण. अशा रिकाम्या वेळात, चहूकडे विषाच्या बाटल्या असताना, 1916 मध्ये तिने 'स्टाइल्स'ची जुळवाजुळव केली आणि डार्टमूरच्या एका हॉटेलात दोन आठवडे एकटी राहून ती पुरी केली. टॉर्कीत आलेल्या बेल्जियन निर्वासितांवरून तिला पॉयरो सुचला. कादंबरीतली सिंथिया रेड क्रॉसच्या डिस्पेन्सरीतच काम करते आणि पॉयरोला ते पुस्तकही तिथेच मिळतं. हस्तलिखित अनेक प्रकाशकांनी परत केलं. शेवटी बॉडली हेडच्या जॉन लेनने कोर्टातला शेवट बदलायला लावून ते घेतलं. अमेरिकेत पुस्तक 1920 मध्ये आलं, इंग्लंडमध्ये 1921 मध्ये. तिला एकूण 25 पौंड मिळाले, आणि पुढची पाच पुस्तकं याच प्रकाशकाला द्यायचं बंधन गळ्यात पडलं. औषधनिर्मात्यांच्या नियतकालिकाने विषाची माहिती अचूक असल्याबद्दल कादंबरीचं कौतुक केलं. त्या परीक्षणाचा तिला फार आनंद झाला होता.

पुढची वर्षं सगळ्यांना माहीत आहेत: 1926 मधली 'रॉजर अॅक्रॉइड' ही कादंबरी, त्याच वर्षी आईचं निधन आणि डिसेंबरमधले बेपत्ता असलेले अकरा दिवस, 1928 मध्ये घटस्फोट, 1930 मध्ये पुरातत्त्वज्ञ मॅक्स मॅलोवनशी लग्न, मग इराक-सीरियातली उत्खननं.

1940 च्या 'सॅड सायप्रेस'मध्ये लेबलाचा एक तुकडा सगळी कथा फिरवतो. दोघी एकाच किटलीतला चहा पितात, त्यांतली एक मॉर्फीनने मरते, दुसरी, एक परिचारिका, जिवंत राहते. पॉयरोला सापडलेल्या तुकड्यावर 'मॉर्फीन हायड्रोक्लोर' वाचता येतं, पण इंग्रजी एम अक्षर छोटं छापलेलं आहे. नाव तिथेच सुरू होत असतं, तर एम मोठा असता. म्हणजे आधीची अक्षरं फाटून गेली आहेत आणि मूळ शब्द अपोमॉर्फीन आहे. मॉर्फीन आम्लाबरोबर तापवून अपोमॉर्फीन बनवतात. ते टोचलं की काही मिनिटांत जोराची उलटी होते. त्या परिचारिकेने स्वतः विषारी चहा पिऊन, लगेच हे टोचून तो ओकून टाकला आणि सुईची खूण गुलाबाच्या काट्याची म्हणून सांगितली. तो वेल झेफिरीन द्रूएं जातीचा, आणि त्या जातीला काटे नसतात. हजारो लेबलं चिकटवलेल्या हातालाच मोठ्या-छोट्या एमचा फरक असा सुचू शकतो.

दुसऱ्या महायुद्धात ती पुन्हा डिस्पेन्सरीत गेली, या वेळी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये. मधल्या वीस-बावीस वर्षांत आलेली नवी औषधं तिथे तिच्या हाताखालून गेली.

मिस्टर पी परत आला तो 1961 मध्ये, 'द पेल हॉर्स'मध्ये. त्यातला खुनी औषधविक्रेता आहे आणि घरोघरच्या नेहमीच्या वस्तूंच्या जागी तो थॅलियम हा विषारी धातू मिसळलेल्या वस्तू ठेवतो. थॅलियमच्या क्षारांना चव नाही, वास नाही आणि ते पाण्यात सहज विरघळतात. शरीर त्यांना पोटॅशियम समजून पेशींत घेतं, म्हणून लक्षणं विखुरलेली दिसतात: पोटदुखी, पायांत मुंग्या, गुंगी. डॉक्टरांना दर वेळी वेगळाच आजार वाटतो. ओळखीची खूण उशिरा, दोनेक आठवड्यांनी दिसते: केस झुपक्यांनी गळतात. कादंबरीतही उकल तिथूनच होते.

12 जानेवारी 1976 रोजी ख्रिस्तीचं निधन झालं. पुढच्या वर्षी कतारहून 19 महिन्यांची एक मुलगी लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये अर्धवट बेशुद्ध अवस्थेत आणली गेली. तपासण्यांतून निदान होईना. तिच्या उशाशी बसून 'द पेल हॉर्स' वाचणाऱ्या परिचारिकेने फेरीवर आलेल्या डॉक्टरांना सांगितलं, मुलीचे केस गळताहेत, हे थॅलियम असू शकतं. मूत्रतपासणीत थॅलियम सापडलं, उपचार झाले आणि मूल वाचलं. डॉक्टरांनी हे प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात छापलं, तेव्हा त्यात दिवंगत अगाथा ख्रिस्तीचे आभार मानले.