कॉसमॉस बँकेचे ९४ कोटी आणि पुराव्याचा पाठलाग

११ ऑगस्ट २०१८, शनिवारचा दिवस. पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे पैसे काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून निघाले आणि गंमत म्हणजे ग्राहकांच्या खात्यातून एक रुपयासुद्धा कमी झाला नाही. हे कसं शक्य आहे? आपण एटीएममध्ये कार्ड टाकतो तेव्हा मशीन स्वतः काही ठरवत नाही, ते बँकेच्या 'स्विच' नावाच्या सिस्टीमला विचारतं की याला दहा हजार द्यायचे का, आणि स्विच खात्यातली शिल्लक तपासून हो किंवा नाही सांगतो. चोरांनी मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्रॅम, घुसवून मध्येच एक खोटा स्विच बसवला, तो कोणाला न विचारता परस्पर 'हो' म्हणत राहिला. बाहेर क्लोन केलेली कार्डं घेऊन माणसं तयारच होती. परदेशातून साधारण ७८ कोटी गेले, भारतातून अडीच कोटी, आणि सोमवारी १३ तारखेला बँकांच्या आंतरराष्ट्रीय 'स्विफ्ट' यंत्रणेतून हाँगकाँगच्या एका खात्यात १३.९२ कोटी.

पुणे पोलिसांनी या केसमध्ये खरंच खूप घाम गाळला. एप्रिल २०२३ मध्ये कोर्टाने ११ जणांना दोषी ठरवलं. पण ही माणसं कोण, तर इथल्या एटीएमवर जाऊन पैसे काढणारी आणि त्यांची साखळी. सीसीटीव्हीत चेहरा आला, मोबाईलचं लोकेशन मिळालं, म्हणून सापडली. ज्याने कीबोर्डवर बसून खोटा स्विच चालवला तो या ११ जणांत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी २०१९ च्या अहवालात या हल्ल्याचा धागा उत्तर कोरियाशी जोडला, आता तिथे पुण्याचा इन्स्पेक्टर समन्स घेऊन कसा जाणार?

माझ्या मते सायबर तपासात सगळ्यात अवघड काम हेच आहे, मशीनपासून माणसापर्यंत पोचणं, आणि तेही कोर्टात टिकेल असं.

आयपी अॅड्रेस (इंटरनेटवरचा पत्त्यासारखा नंबर) मिळाला की चोर मिळाला असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नसतं हो. आपल्याकडे मोबाईल इंटरनेटवर एकच आयपी एका वेळी शेकडो लोक वापरत असू शकतात, कारण जुन्या पद्धतीचे आयपी पुरेसे नाहीत म्हणून कंपन्या ते वाटून देतात. त्यामुळे नेमका ग्राहक शोधायला आयपीसोबत पोर्ट नंबर, म्हणजे त्या वाटून घेतलेल्या आयपीवर प्रत्येक कनेक्शनला मिळणारा वेगळा क्रमांक, लागतो आणि सेकंदापर्यंत अचूक वेळ लागते, आणि पोर्ट नंबर बऱ्याच वेबसाईट साठवतच नाहीत. वेळेचाही वेगळाच घोळ. परदेशी कंपनीच्या लॉगमध्ये (कोण कधी आलं-गेलं त्या नोंदीत) ११ तारीख, १८:४० असं लिहिलेलं असेल आणि ती वेळ यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाणवेळ, असेल तर आपल्याकडे तेव्हा १२ तारखेचे रात्रीचे १२ वाजून १० मिनिटं झालेली असतात. मोबाईल कंपनीला माहिती मागणाऱ्या पत्रात हे साडेपाच तास मिळवायचे राहिले की ती भलत्याच माणसाचं नाव देणार, आणि पोलीस पहाटे त्याच्या दारात. हे सगळं जमलं तरी हाती येतं ते सिमकार्ड कोणाच्या नावावर आहे एवढंच, ते वापरत कोण होतं हे वेगळं सिद्ध करावं लागतं.

मग कॉम्प्युटर जप्त करायचा. चालू असेल तर बंद करू का नको? बंद केला तर रॅममधलं, म्हणजे तात्पुरत्या मेमरीतलं, सगळं जातं, चालू प्रोग्रॅम, उघडी कनेक्शनं, कधीकधी कुलूपबंद डेटा उघडणारी एन्क्रिप्शनची चावीसुद्धा, आणि चालू ठेवला तर कोणीतरी लांबून डेटा पुसू शकतं. शिवाय नुसतं उघडून बघितलं तरी फाईलींच्या तारखा बदलतात. म्हणून डिस्कला राइट ब्लॉकर (डिस्कवर काही लिहू न देणारं उपकरण) लावून हुबेहूब कॉपी काढतात आणि तिची हॅश व्हॅल्यू नोंदवतात. ही हॅश फार सुंदर गोष्ट आहे, अख्ख्या डिस्कवरून गणिताने एक ठराविक लांबीचा कोड निघतो, एसएचए-२५६ असेल तर ६४ अक्षर-अंकांचा, आणि डिस्कवरचा एक बिट जरी बदलला तरी कोड पूर्ण वेगळा येतो. पंचनाम्यातली हॅश आणि लॅबमधली हॅश जुळली नाही तर आरोपीचा वकील तिथेच पकडणार, आणि त्यात त्याचं चूक काहीच नाही.

वर कोर्टात हा इलेक्ट्रॉनिक पुरावा कुठून, कसा काढला हे लिहून देणारं सर्टिफिकेट लागतं. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीचा वाद, खोतकर विरुद्ध गोरंट्याल, सुप्रीम कोर्टात गेला तो अर्ज भरतानाच्या व्हिडिओ रेकॉर्डिंगवरून, आणि २०२० मध्ये कोर्टाने स्पष्ट सांगितलं की इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डची कॉपी दिली तर सर्टिफिकेट हवंच, मूळ यंत्रच कोर्टात आणलं तर गोष्ट वेगळी. केस निवडणुकीची, पण नियम प्रत्येक सायबर गुन्ह्याला लागू. जुलै २०२४ पासूनच्या नव्या साक्ष कायद्यात तर सर्टिफिकेटच्या नमुन्यातच हॅशची जागा आहे.

आणि हे सगळं करायचं कोणी? आयटी कायद्याच्या कलम ७८ प्रमाणे इन्स्पेक्टर किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानेच. तोच माणूस गणपतीच्या बंदोबस्ताला, तोच सभांना, तोच मोर्च्याला. हाताखालच्या एखाद्या पीएसआयला किंवा शिपायाला कॉम्प्युटर कितीही चांगला येत असला तरी तपास अधिकारी म्हणून नाव त्याचं लागत नाही. कमीत कमी हे कलम तरी आता बदलायला हवं, शिकलेली तरुण पोरं खात्यात आहेत, त्यांना प्रशिक्षण देऊन केस हातात द्या.