गोयागेटचं स्टेशन

वडोदऱ्यात नुसतं ‘स्टेशन’ म्हटलं की रिक्षा सयाजीगंजाकडे वळते. प्रतापनगरला जायचं असेल तर तसं नाव घेऊन सांगावं लागतं. खरं तर सयाजीगंजातलं जंक्शन १८६१ मध्ये बीबीसीआय (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे) या इंग्रजी कंपनीने आणलं, आणि प्रतापनगर आहे गायकवाडांच्या स्वतःच्या रेल्वेचं. मला तरी शहराचं आपलं स्टेशन हेच वाटतं.

या रेल्वेची सुरुवात मात्र वडोदऱ्यात झालीच नाही. खंडेराव महाराजांच्या काळात, १८६२ मध्ये, डभोई ते मियागाम अशी सुमारे ३२ किलोमीटरची लाइन पडली. डभोईकडचा कापूस मियागामला मुख्य लाइनपर्यंत पोचवायचा, एवढाच हेतू. रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट, आणि डबे ओढायला बैल! पुढच्या वर्षी इंजिनं आणून पाहिली. पण रूळ फार हलके, त्यामुळे पुन्हा बैलच जुंपले. रूळ बदलून वाफेची इंजिनं कायमची धावू लागली ती १८७३ मध्ये, म्हणजे मल्हाररावांच्या कारकिर्दीत. देशातली पहिली नॅरोगेज ती हीच, आणि कुठल्याही संस्थानाने स्वतः टाकलेली पहिली रेल्वेही.

१८७९ मध्ये डभोईहून चांदोदचा फाटा निघाला, १८८० मध्ये लाइन वडोदऱ्याच्या गोयागेटला टेकली आणि पुढच्या वर्षी विश्वामित्रीला मुख्य लाइनशी जुळली. गोयागेट हेच आजचं प्रतापनगर. याचं श्रेय सरसकट सयाजीरावांना दिलं जातं, पण ते तेव्हा अल्पवयीन होते. त्यांच्या हाती पूर्ण अधिकार आले १८८१ च्या अखेरीस. तोवर कारभार होता दिवाण सर टी. माधवराव या तंजावरी मराठी माणसाचा. त्यांचं नाव या संदर्भात निघत नाही, याची खंत वाटते. महाराजांनी पुढे रेल्वे वाढवली ती खूपच: १८९७ मध्ये विश्वामित्रीहून पादऱ्यापर्यंत, शिवाय १९१९ मध्ये गोयागेटला कारखाना. १९२१ पासून सगळी व्यवस्थाही संस्थानाने बीबीसीआयकडून स्वतःकडे घेतली.

१९४९ मध्ये संस्थान विलीन झालं, आणि १९५१ पासून ही लाइन पश्चिम रेल्वेची झाली. तिच्या वडोदरा विभागाची कचेरी आजही प्रतापनगरलाच आहे.

आपल्या लोकांना या लाइनची ओढ चांदोदमुळे. नर्मदाकाठी नारायणबळी, श्राद्धं करायला इथूनच जायचं. त्याच काठाने वर गरुडेश्वरला टेंब्ये स्वामींनी १९१४ मध्ये देह ठेवला. चांदोदच्या फाट्याचं आता ब्रॉडगेज झालंय आणि तो पुढे केवडियापर्यंत (आताचं एकतानगर) वाढलाय. १७ जानेवारी २०२१ ला त्याचं उद्घाटन झालं. त्यामुळे प्रतापनगरहून निघालेली मेमू, म्हणजे विजेवरची लोकल, आता डभोई, चांदोद करत गरुडेश्वरच्या अगदी जवळ जाते.