अडसर-व्यवस्थापन (काजू प्रक्रिया)

कारखान्यातील ज्या एका टप्प्यापाशी सगळे उत्पादन अडते, तो टप्पा ओळखून बाकीच्या कामाची चाल त्याच्याशी जुळवण्याची पद्धत. इस्रायली भौतिकशास्त्रज्ञ एलियाहू गोल्डरॅट (१९४७–२०११) यांनी ती १९८४ साली एका कादंबरीच्या रूपाने लोकांपुढे आणली. ओढ्यावरचा साकव अरुंद असेल, तर अलीकडची-पलीकडची पाखाडी कितीही रुंद केली तरी माणसे साकवाच्याच गतीने ओढा ओलांडतात. सिद्धांताचा गाभा एवढाच आहे.

वेंगुर्ले, सावंतवाडी, कुडाळ या भागातील काजू कारखान्यांना ही पद्धत चांगली लागू पडते. बी वाळवणे, वाफवणे, थंड झाल्यावर फोडणे, गर ड्रायरमध्ये सुकवणे, साल काढणे, प्रतवारी आणि पॅकिंग असा कामाचा क्रम असतो. बॉयलर झपाट्याने बी वाफवतो. साल काढणे मात्र लहान कारखान्यांत बायकांच्या बोटांवर आणि सुरीवर चालते.

समजा, बॉयलर दिवसाला १,००० किलो बी वाफवतो आणि त्यातून चौथा हिस्सा, म्हणजे २५० किलो गर निघतो. साल मात्र दिवसाला १८० किलो गराचीच काढून होते. मग रोज ७२० किलो बी वाफवणे पुरेसे आहे. बॉयलर थांबलेला पाहवत नाही म्हणून तो पूर्ण चालवला, तर रोज २८० किलो बियांचा माल मध्येच तुंबतो. २५ दिवसांत सात टन. मालकाचे खेळते भांडवल त्यात अडकते, आणि मिरगानंतरच्या दमट हवेत सुकवलेला गर पुन्हा ओल धरतो, साल चिकटते, बुरशीची भीती असते. सगळे हात राबताना दिसतात आणि कारखाना तोट्यात जातो, त्याचे एक मोठे कारण हे.

यावर पहिला उपाय नवे यंत्र हा नव्हे. साल काढण्याच्या टेबलावर वाया जाणारा तास हा सबंध कारखान्याचा तास असतो. म्हणून किडका, काळा गर तिथे पोचण्याआधीच वेचावा. कमी सुकलेल्या गराची साल सुटत नाही आणि जास्त सुकलेला तुटून पाकळी-तुकडा होतो, म्हणून ड्रायरवर सर्वांत जाणता माणूस ठेवावा. अख्ख्या गराला भाव जास्त (‘डब्ल्यू ३२०’ प्रतीत एका पौंडाला ३०० ते ३२० अख्खे गर बसतात), त्यामुळे ही काळजी थेट पैशांत दिसते. बायकांसमोर सुकवलेल्या गराचा थोडा साठा कायम असावा, म्हणजे वीज गेली तरी त्यांचे हात थांबत नाहीत. किलोवर मजुरी घेणाऱ्या बाईच्या दृष्टीने हा साठा म्हणजे तिची त्या दिवसाची कमाईच.

गोल्डरॅट यांनी या रचनेला ढोल, साठा आणि दोरी अशी नावे दिली. शिमग्यात पालखीची पावले ढोलाच्या ठेक्यावर पडतात, तशी इथे साल काढण्याची गती हा ठेका. मधला साठा आधार. आणि तेवढेच बी आत सोडणे ही दोरी. एवढे करूनही माल अपुरा पडला, तरच माणसे वाढवावीत किंवा पिलिंग मशीन घ्यावे.

त्यानंतर अडसर जागा बदलतो. काजू बी साधारण मार्च ते मे या हंगामात येते आणि वर्षभराची खरेदी तेव्हाच करावी लागते. साल काढण्याचा वेग वाढला की बी लवकर संपते, आणि अडसर टेबलावरून हंगामातल्या खरेदीच्या पैशावर सरकतो. तेव्हा यंत्राच्या कर्जापेक्षा मार्चमध्ये हाती असणारे खरेदीचे कर्ज अधिक मोलाचे ठरते.