मेक आणि सीमेक: नावं जुळी, कामं निराळी

"दादा, सीमेक म्हणजे मेकचंच नवीन व्हर्जन नं?"

लातूरला दर रविवारी आम्ही सात-आठ जण एका ओपन सोर्स प्रकल्पावर बसतो. तिथं नव्यानं येणारा जवळजवळ प्रत्येक जण हा प्रश्न विचारतो. प्रकल्प छोटा आहे. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये आणायचा, एवढंच त्याचं काम. सी भाषेतल्या ११ फायली आणि अक्षरांच्या जोड्यांचा एक लांबलचक तक्ता. प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं चुकीचं उत्तर मनात धरून बिल्ड सिस्टीम (कोडपासून चालता प्रोग्रॅम बांधणारी मेक-सीमेकसारखी व्यवस्था) निवडली की पुढं ज्याला तो प्रोग्रॅम आपल्या मशीनवर बांधायचा असतो, तो दारातच अडतो. म्हणून सविस्तर लिहितो.

मेक आधीचं. १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते लिहिलं. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन यांची एक अख्खी सकाळ वाया गेली होती. प्रोग्रॅममधली चूक त्यांनी दुरुस्त केली होती, पण ती फाईल पुन्हा कंपाइल करायची, म्हणजे मशीनला चालेल अशा रूपात आणायची राहिली, आणि ते बरोबर असलेल्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसले. असं पुन्हा होऊ नये यासाठी मेक जन्माला आलं. त्याचं सगळं तंत्र एका ओळीत मावतं: कुठली वस्तू कशापासून बनते आणि कुठल्या कमांडनं बनते हे मेकफाइलमध्ये लिहा, मूळ फाईल तयार वस्तूपेक्षा नवी असेल तर मेक ती कमांड चालवतं, नसेल तर सोडून देतं. मेकला सी भाषा कळत नाही, कंपायलर कळत नाही. त्याला फक्त फायली आणि त्यांच्या वेळा कळतात. मेकनं कुणी पुस्तकाची पीडीएफ बांधली तरी त्याला फरक पडत नाही.

हे समजून घ्यायला आम्हाला एक दुपार मोजावी लागली. आमचा अक्षरांचा तक्ता एका हेडर फाईलमध्ये, म्हणजे सी फायली आत ओढून घेतात अशा सामाईक फाईलमध्ये आहे. परभणीच्या एका मुलीनं त्यात 'क्ष'ची जोडी दुरुस्त केली, मेक चालवलं, आणि उत्तर आलं की सगळं अप टू डेट आहे. प्रोग्रॅम मात्र जुनंच चुकीचं अक्षर काढत होता. तिनं तक्ता चार वेळा तपासला. कोड बरोबर, तक्ता बरोबर. शेवटी कळलं की कुठली सी फाईल कुठलं हेडर वापरते हे मेकफाइलमध्ये आम्ही लिहिलंच नव्हतं. मेकच्या दृष्टीनं त्या हेडरचा आणि प्रोग्रॅमचा काही संबंधच नव्हता. जॉन्सन यांची ती सकाळ आमच्याकडं दुपारच्या रूपानं आली. यावर उपाय आहे: जीसीसी कंपायलरला सांगितलं तर तो हेडरची यादी स्वतः लिहून देतो आणि मेकफाइलमध्ये ती ओढून घेता येते. पण हे आपल्याला ठाऊक हवं, आणि प्रत्येक प्रकल्पात आठवणीनं करावं लागतं.

दुसरी गोष्ट घड्याळाची. आपल्याकडच्या जुन्या पीसींमध्ये मदरबोर्डवरचा सेल संपलेला असतो. लोडशेडिंग झालं, वीज परत आली, इंटरनेट अजून आलेलं नाही, आणि मशीनची तारीख काही वर्षं मागं गेलेली. आता फाईल बदलली तरी तिच्यावर जुनी तारीख बसते, आणि मेकला वाटतं की तयार वस्तूच नवी आहे. सध्याच्या घड्याळाच्या पुढची तारीख असलेली फाईल दिसली की ग्नू मेक (लिनक्सवर सहसा असतं ते मेक) 'क्लॉक स्क्यू', म्हणजे घड्याळात तफावत, अशी सूचना देतं आणि बिल्ड अपुरं राहिलं असेल असंही सांगतं. मुलं ती ओळ वाचत नाहीत. वाचा. आधी तारीख नीट करा, मग सगळं साफ करून पुन्हा बांधा.

टॅबचा त्रासही सगळ्यांना होतो. मेकफाइलमध्ये कमांडची ओळ टॅबनंच सुरू व्हावी लागते. पीडीएफ नोट्समधून मेकफाइल कॉपी केली की टॅबच्या जागी स्पेस येतात आणि 'मिसिंग सेपरेटर' म्हणून मेक थांबतं. हा नियम अडचणीचा आहे हे फेल्डमन यांच्याही लवकरच लक्षात आलं होतं, पण तोवर डझनभर माणसं मेक वापरू लागली होती आणि त्यांची घडी मोडायला नको म्हणून त्यांनी तो तसाच ठेवला. आज ५० वर्षांनीही तो आहे.

आता सीमेक. २०००च्या सुमारास अमेरिकेतल्या किटवेअर कंपनीत त्याचं काम सुरू झालं. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या पैशातून वैद्यकीय प्रतिमांसाठी आयटीके नावाची लायब्ररी बनत होती, आणि ती युनिक्सवरही बांधली जावी, विंडोजवरही, अशी गरज होती. नावातला 'सी' हा सी भाषेचा नाही, 'क्रॉस-प्लॅटफॉर्म'चा आहे.

गोंधळ इथंच होतो. सीमेक स्वतः काहीच कंपाइल करत नाही. लग्नघरी आचारी आधी येऊन जागा बघतो, चुली किती, पाणी कुठून येतं ते विचारतो आणि मग सामानाची यादी लिहून देतो. तसं सीमेक मशीन बघतं: कंपायलर कुठला, लायब्ररी कुठं, सिस्टीम कुठली. आणि त्या मशीनला चालेल अशी बिल्डची फाईल लिहून देतं. लिनक्सवर काही न सांगता ते मेकफाइलच लिहितं. सांगितलं तर निंजा या मेकसारख्याच साधनासाठी लिहितं, विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओचा प्रकल्प, मॅकवर ॲपलच्या एक्सकोडचा. म्हणजे सीमेक वापरणाऱ्याच्या मशीनवर बऱ्याचदा शेवटी मेकच चालत असतं. एक दुसऱ्याची नवी आवृत्ती नाही, एक दुसऱ्याच्या वर बसतं.

त्यामुळं हेडरची ती अडचण सीमेकमध्ये येत नाही. अवलंबून असलेल्या फायली ते स्वतः शोधवतं. टॅबचीही येत नाही, कारण मेकफाइल आपण हातानं लिहीतच नाही. घड्याळाची मात्र तशीच राहते. शेवटी वेळ बघणारा खालचाच, मेक किंवा निंजा.

मग निवडायचं कसं? 'कुठलं चांगलं' असं मी विचारत नाही. हा प्रोग्रॅम कोण बांधणार, असं विचारतो. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, आजही ग्नू मेकवर बांधला जातो, त्यामुळं मेक जुनं म्हणून कमी ठरत नाही. बांधणारे सगळे लिनक्सवर असतील, फायली मोजक्या असतील, बाहेरच्या लायब्ररी नसतील, तर ३० ओळींची स्वच्छ मेकफाइल पुरते. फक्त इन्स्टॉल कुठं करायचं तो प्रीफिक्स आणि कंपायलरचे फ्लॅग (त्याला द्यायचे पर्याय) बाहेरून बदलता येऊ द्या, नाहीतर डेबियनसारख्या लिनक्स वितरणासाठी तुमचं पॅकेज करणाऱ्याला तुमची फाईल दुरुस्त करत बसावं लागतं.

आमच्याकडं बीड, हिंगोली, नांदेडहून येणाऱ्या बहुतेक मुलांच्या लॅपटॉपवर विंडोज आहे. तिथं मेक आयतं मिळत नाही. 'आधी लिनक्स टाक, मग ये' असं म्हटलं की निम्मी मुलं परत येत नाहीत, आणि मला ते सहन होत नाही. व्हिज्युअल स्टुडिओला २०१७ पासून सीमेकचा प्रकल्प थेट उघडता येतो. म्हणून आम्ही सीमेक घेतलं. केडीई या लिनक्सवरच्या डेस्कटॉप प्रकल्पानं २००६ मध्ये तेच केलं, पुढं एलएलव्हीएम या कंपायलर प्रकल्पानंही. भाषा म्हणून सीमेक मला आवडत नाही: तिथं सगळी मूल्यं मुळात स्ट्रिंग (नुसता मजकूर), आणि यादी म्हणजे अर्धविरामांनी जोडलेली स्ट्रिंग. वाचायला स्वच्छ हवं असेल तर फिनलंडच्या युस्सी पाक्कानेन यांचं मेसन हे बिल्ड साधन बघा. जीनोम हा डेस्कटॉप आणि सिस्टमडी हा लिनक्सच्या सेवा सुरू करणारा प्रकल्प त्यावर गेले आहेत. तेही सीमेकसारखं वरच बसतं आणि सहसा निंजासाठी फाईल लिहितं.

काहीही निवडा, पण बिल्डची फाईलही कोडइतकीच बारकाईनं वाचा. २०२४ मध्ये एक्सझेड या फायली आकसवणाऱ्या प्रकल्पात चोरदरवाजा सापडला. तो उघडणारा तुकडा ऑटोटूल्स या जुन्या बिल्ड साधनांच्या एका मॅक्रो फाईलमध्ये होता, आणि ती बदललेली फाईल गिटमध्ये (कोडमधले बदल नोंदवले जातात तिथं) नव्हती, फक्त प्रसिद्ध केलेल्या टारबॉलमध्ये, म्हणजे कोडच्या गठ्ठ्यात होती. त्याच प्रकल्पाच्या सीमेकलिस्ट्स फाईलमध्ये (सीमेकला द्यायच्या सूचना तिच्यात असतात) एका तपासणीच्या कोडात एक सुटा पूर्णविराम टाकलेला होता. त्यामुळं तो चाचणीचा तुकडा कधीच कंपाइल होत नसे आणि लँडलॉक नावाचं संरक्षण गुपचूप बंद राहत असे. एक टिंब. आमच्याकडं आता बिल्डच्या फाईलमधला बदल दोघांनी वाचल्याशिवाय आत येत नाही.

आणि सीमेक घेणाऱ्यांसाठी एक. पेनड्राइव्हवर प्रकल्प नेताना बिल्ड फोल्डर सोबत नेऊ नका. त्यात सीमेककॅशे नावाची टेक्स्ट फाईल असते आणि तिच्यात त्या मशीनवरचे पूर्ण पाथ लिहिलेले असतात. दुसऱ्या मशीनवर सीमेक चालवलं की ही कॅशे वेगळ्याच फोल्डरात बनली होती अशी तक्रार येते. सोर्स दुरुस्त करू नका, कंपायलर बदलू नका. बिल्ड फोल्डर डिलीट करा, सीमेक पुन्हा चालवा. आणि गिटनं काय सोडायचं ते सांगणाऱ्या गिटइग्नोर फाईलमध्ये त्या फोल्डरचं नाव पहिल्याच दिवशी टाका.