कृत्रिम झडप, प्लेटलेट आणि गुठळी : पार्श्वभूमी

पावसाळ्यात नागपुरात डेंग्यू वाढला की घराघरांत प्लेटलेटचे आकडे पाठ होतात. हृदयात धातूची झडप बसवलेल्या माणसाच्या घरी याच आकड्यामुळे घोळ होतो. 'प्लेटलेट ८० हजारांवर आल्या, म्हणजे रक्त पातळ झालंच. मग गुठळी रोखणारी रोजची गोळी कशाला?' हा हिशेब चुकतो. का, ते झडपेच्या इतिहासात दिसतं.

१९६० मध्ये स्टार आणि एडवर्ड्स यांची पिंजऱ्यात चेंडू असलेली झडप माणसात बसली. त्याआधी कुत्र्यांवरच्या प्रयोगांत शिवणीच्या कडेला गुठळी धरून झडपा दोन-तीन दिवसांतच अडकत. झडप ज्याने शिवतात त्या कापडी कड्यावर आधी रक्तातली प्रथिनं बसतात, त्यांवर प्लेटलेट चिकटतात आणि त्यांच्याभोवती फायब्रिन या धाग्यासारख्या प्रथिनाचं जाळं विणलं जातं. मायट्रल जागी (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमध्ये) रक्त संथ वाहतं, म्हणून तिथे धोका जास्त.

उपाय सापडला तो वॉर्फरिनचा. १९४८ मध्ये उंदीर मारायला आलेलं हे औषध १९५४ पासून माणसांना मिळू लागलं. आपल्याकडे त्याचं भावंड अ‍ॅसेनोकुमारॉलही खूप चालतं. वॉर्फरिन रक्त पातळ करत नाही; यकृतात व्हिटॅमिन केवर अवलंबून तयार होणारे, रक्त गोठवणारे २, ७, ९ आणि १० क्रमांकाचे घटक निकामे ठेवतं. प्लेटलेटला हातही लावत नाही. म्हणून १९७१ मध्ये सुलिव्हन, हार्केन आणि गोर्लिन यांनी वॉर्फरिनला प्लेटलेटवर काम करणाऱ्या डायपिरिडॅमोलची जोड दिली, तेव्हा गुठळ्या सुटून जाण्याचं प्रमाण आणखी घटलं. गुठळीचे रस्ते दोन आहेत, एक प्लेटलेटचा आणि एक या घटकांचा, हे तिथे दिसलं.

वॉर्फरिनचं मोजमाप आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला नेहमीच्या किती पट वेळ लागतो तो आकडा. प्रत्येक लॅबचा रसायनाचा लॉट वेगळा, म्हणून १९८३ मध्ये ही समान पट्टी आली. दोन पाकळ्यांच्या झडपेला एऑर्टिक जागी (हृदयातून महाधमनीत जाणाऱ्या तोंडाशी) साधारण २ ते ३, मायट्रलला २.५ ते ३.५. (हिवाळ्यात सांबारवडीचा सपाटा लागला की सांबारातल्या, म्हणजे कोथिंबिरीतल्या, व्हिटॅमिन केमुळे आयएनआर खाली येऊ शकतो, सांबार सोडायचा नाही, प्रमाण रोज सारखं ठेवायचं.) नव्या गोळ्यांनी ही कटकट मिटेल असं वाटलं होतं, पण धातूच्या झडपांवरची डॅबिगॅट्रानची चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे २०१२ मध्ये थांबवावी लागली.

प्लेटलेटचा आकडा उलटं बोलतो अशी एक जागा म्हणजे हेपॅरिन, शस्त्रक्रियेच्या वेळी गुठळी होऊ नये म्हणून सुईतून देतात ते औषध. बायपास यंत्रावरच्या (हृदय-फुफ्फुसाचं काम करणाऱ्या) शस्त्रक्रियेनंतर पहिल्या तीन-चार दिवसांत प्लेटलेट घटतात, मग चढतात, हे अपेक्षितच. पण पाचव्या ते दहाव्या दिवसात पुन्हा निम्म्यावर आल्या, तर हेपॅरिनविरुद्धच्या प्रतिपिंडांचा संशय घ्यावा लागतो. हे प्रतिपिंड प्लेटलेटना चेतवतात. मोजणी घसरते आणि गुठळ्या वाढतात. हेपॅरिनचा प्रत्येक थेंब, नळी धुण्यापुरताही, बंद करून वेगळं औषध द्यावं लागतं. इथे नुसत्या प्लेटलेटची पिशवी चढवणं घातक ठरू शकतं.

डेंग्यूत गोळी स्वतःहून थांबवायची नाही. त्याच दिवशी आयएनआर आणि प्लेटलेट दोन्ही तपासून झडपेच्या डॉक्टरांना दाखवायचं. अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर तेही सांगायचं. तापाला डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन नको. आणि गल्लीतल्या दवाखान्यात कमरेत सुई टोचून घ्यायची नाही. स्नायूत रक्त साकळतं.