महागडा एक की साधे तीन?

सिंहस्थासाठी खोल्यांचे बुकिंग ऑनलाइन घेऊ पाहणाऱ्या नाशिकच्या लॉजमालकाला सल्ला बहुधा एकच मिळतो: सर्व्हर बंद पडू द्यायचा नसेल तर महागातला घ्या. पैसा मोजका असताना हा सल्ला चुकीच्या जागी खर्च करायला लावतो.

वर्षातील 99 टक्के वेळ चालणारा साधा सर्व्हर सुमारे 88 तास बंद असतो. एकमेकांची जागा घेऊ शकणारे असे दोन असतील, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता 0.01 गुणिले 0.01 इतकी उरते, म्हणजे वर्षाकाठी सुमारे 53 मिनिटे. मात्र हा गुणाकार दोघांचे बिघाड स्वतंत्र असतील तरच लागू होतो. एकाच इन्व्हर्टरवर आणि एकाच राउटरला जोडलेली यंत्रे वळवाच्या पहिल्याच पावसात एकदम बंद पडतात. म्हणून एक सर्व्हर सातपूरला, तर दुसरा पंचवटीत वेगळ्या कंपनीच्या इंटरनेटवर ठेवावा आणि राउटरलाही बॅटरी द्यावी. ‘शंभर टक्के अपटाइम’ (म्हणजे सर्व्हर कधीच बंद नाही) या जाहिरातीवर विसंबू नये. करारात बहुधा बंद काळापुरती भाड्यात सूट एवढेच आश्वासन असते.

खरी गंमत पुढे आहे. दोघांमधला दुवा तुटला, तर प्रत्येकाला दुसराच बंद पडल्यासारखे दिसते, दोघेही बुकिंग घेत राहतात आणि पर्वणीच्या दिवशीची एकच खोली दोन कुटुंबांना दिली जाते. यावर उपाय बहुमताचा आहे, आणि त्यासाठी पुण्या-मुंबईत भाड्याने घेतलेला तिसरा छोटा सर्व्हर लागतो. दिएगो ओंगारो आणि जॉन आउस्टरहाउट यांनी 2014 मध्ये मांडलेल्या ‘राफ्ट’ पद्धतीत नोंदी घेण्याचे काम एकाच प्रमुख सर्व्हरकडे असते आणि तो इतरांना सतत हार्टबीट, म्हणजे ‘मी चालू आहे’ असे छोटे संदेश, पाठवतो. ते थांबले की दुसरा सर्व्हर काही काळ वाट पाहून उमेदवार होतो, कार्यकाळाचा क्रमांक एकने वाढवतो आणि मते मागतो. एका कार्यकाळात प्रत्येकाला एकच मत असल्यामुळे तीनपैकी दोन मते दोघांना मिळूच शकत नाहीत. दोघे एकदम उभे राहून मते फुटू नयेत म्हणून वाट पाहण्याचा अवधी प्रत्येक सर्व्हर यादृच्छिकपणे निवडतो. एकटा पडलेला जुना प्रमुख बुकिंग पक्के करू शकत नाही, कारण बहुसंख्य सर्व्हरकडे पोचल्याशिवाय नोंद पक्की होतच नाही.

चौथा सर्व्हर घेऊन काही साधत नाही: बहुमताला तीन लागतात, त्यामुळे बिघाड एकाचाच सोसता येतो. ते पैसे रोजच्या वेगळ्या बॅकअपवर खर्च करावेत, कारण चुकून पुसलेली नोंद तिन्ही सर्व्हरवरून तितक्याच तत्परतेने पुसली जाते.