अर्थ आणि सन ओ))): खर्ज एक, वाटा दोन

कोरेगाव पार्कात एखादी गिग संपली, मंडळी चहाला थांबली आणि ड्रोन मेटलचा, म्हणजे एकेक जड सूर लांबवत नेणाऱ्या गिटार-संगीताचा विषय निघाला, की हमखास कुणीतरी अर्थ या बँडचा अल्बम सन या बँडच्या नावावर खपवतं. ही गल्लत समजण्यासारखी आहे. दोन्ही बँड अमेरिकेच्या वायव्य टोकाचे, वॉशिंग्टन राज्यातले. दोन्हीकडे गिटार खालच्या सुरात उतरवून लावलेली, अँप (अँप्लिफायर) भरपूर चढवलेले, आणि एकेक तुकडा पंधरा-वीस मिनिटं चालणारा. त्यात दुसरा बँड जन्मालाच आला तो पहिल्याच्या भक्तीतून. तरीही हे दोघं एकच काम करत नाहीत. दोन-तीन अल्बम नीट ऐकले तर पुन्हा घोटाळा होत नाही, फक्त एका अल्बमचा अपवाद सोडून. त्याच्याकडे येतोच.

आधी नावं. 'अर्थ' म्हणजे इंग्रजीतली पृथ्वी. मेटलचा जुना बँड ब्लॅक सॅबथ: ते नाव घेण्याआधी त्यातले चौघं काही काळ 'अर्थ' याच नावाने वाजवायचे. त्यांनी टाकून दिलेलं नाव गिटारवादक डिलन कार्लसनने १९८९मध्ये ऑलिंपिया शहरात उचललं. 'सन' हे अँप्लिफायरच्या ब्रँडचं नाव, आणि पुढचा ओ व तीन कंस म्हणजे त्या ब्रँडच्या लोगोतला गोल आणि त्यातून निघणाऱ्या लहरी. त्यांचा उच्चार करायचा नसतो, नुसतं 'सन' म्हणायचं. ही कंपनी १९६०च्या दशकात शेजारच्या ऑरेगन राज्यात सुंडहोम बंधूंनी काढली. त्यातला नॉर्म हा किंग्जमेन बँडचा बेसवादक. मोठ्या हॉलमध्ये आपला बेस कुणाला ऐकूच जात नाही, या वैतागातून त्यांनी दणकट अँप बनवायला घेतले. म्हणजे एका बँडने नाव घेतलं ते जुन्या बँडकडून, दुसऱ्याने यंत्राकडून. दोघांच्या संगीतातला फरक इथेच निम्मा कळतो.

कार्लसन हा निर्वाणा बँडचा गायक कर्ट कोबेनचा जवळचा मित्र. अर्थच्या सुरुवातीच्या रेकॉर्डिंगमध्ये कोबेनचा आवाजही आहे. पत्रकारांनी नंतर तीस वर्षं त्याला याच मैत्रीबद्दल विचारलं, आणि संगीताबद्दल विचारायचं राहूनच गेलं. खरं तर विचारण्यासारखं बरंच होतं. १९९३मध्ये सब पॉपने, म्हणजे निर्वाणाचा पहिला अल्बम काढणाऱ्या कंपनीने, 'अर्थ २' काढला. त्यात तीनच तुकडे: साधारण १५, २७ आणि ३० मिनिटांचे. दोन माणसं, गिटार आणि बेस. ताल जवळपास नाहीच, शेवटच्या तुकड्यात थोडीशी चाहूल आहे तेवढीच. सिएटलचं ग्रंज रॉक जगभर विकलं जात होतं, आणि त्याच कंपनीच्या यादीत हे पाऊण तासाहून बरंच लांब गुरगुरणं बसलं होतं. तेव्हा फारसं कुणी ऐकलं नाही. ज्यांनी ऐकलं त्यांच्यापैकी दोघांनी पुढे सन काढला.

'अर्थ २'मध्ये नेमकं काय आहे? पहिला तुकडा लावा आणि पहिली दोन मिनिटं धीर धरा. त्यात रिफ आहे, म्हणजे परत परत येणारी गिटारची छोटी ओळ. सॅबथच्या घराण्यातला, जड, सावकाश रिफ. तो गुणगुणता येतो. तो पुन्हा येतो, मग पुन्हा, आणि दर खेपेला स्वरांमधली जागा थोडी रुंद होते. आपल्याकडे अतिविलंबित ख्यालात बंदिशीची एक ओळ ताणत नेतात, शब्द विरघळतात पण मुखडा आला की ओळखू येतो, तसं काहीसं. कार्लसनसाठी धून महत्त्वाची आहे. ती तो कितीही ताणेल, पण मोडणार नाही.

ही उपमा मी उगाच आणलेली नाही. कार्लसनच्या ऐकण्यात ला माँट यंग आणि टेरी रायली हे अमेरिकन संगीतकार होते. १९७०मध्ये पंडित प्राणनाथ न्यू यॉर्कला गेले, तेव्हा हे दोघंही त्यांचे शिष्य झाले. प्राणनाथ किराणा घराण्याचे, अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शागीर्द. वहीद खाँचे भाऊबंद अब्दुल करीम खाँ यांचं आर्य संगीत विद्यालय पुण्यात होतं, आणि त्यांच्याच शिष्याच्या, सवाई गंधर्वांच्या नावाने भीमसेनांनी सुरू केलेला महोत्सव पुण्यात दर हिवाळ्यात भरतो. म्हणून ड्रोन मेटल किराणा घराण्यातून निघालं असं म्हणणं म्हणजे शुद्ध थाप ठरेल. यंग प्राणनाथांना भेटण्याआधीच तासन् तास एकेक सूर धरून बसत होता. पण हा महोत्सव पूर्वी भरायचा त्या रमणबागेत मांडी घालून तंबोरे जुळताना ऐकलेल्या कानाला हे संगीत परकं वाटू नये, इतपत नातं नक्कीच आहे. पुण्यातल्या मेटलवाल्या पोरांना हे सांगितलं की त्यांचा विश्वास बसत नाही, आणि सवाईच्या रसिकांना सांगितलं की ते सरळ विषय बदलतात.

आता सन. ग्रेग अँडरसन आणि स्टीफन ओमॅली हे दोघे आधीही एकत्र वाजवत होते. १९९८मध्ये त्यांनी सन सुरू केला तो उघडउघड अर्थला मुजरा म्हणून. पहिल्या 'ग्रिमरोब डेमोज'मधल्या एका तुकड्याचं नावच 'डिलन कार्लसन' आहे. 'अर्थ २'मधल्या एका तुकड्याचं नाव घेऊन या दोघांनी आणखी एक वेगळा बँडही काढला. भक्ती म्हणावी तर अशी. पण दोन-तीन अल्बममध्ये त्यांनी रिफ जवळजवळ सोडून दिला. एक कॉर्ड, म्हणजे एकदम छेडलेले काही सूर, मारायची आणि ती विझेपर्यंत थांबायचं. विझू द्यायची नसेल तर गिटार अँपसमोर धरायची, म्हणजे स्पीकरचा आवाज तारेला पुन्हा हलवतो, तार अँपला पुन्हा भरवते, आणि सूर संपतच नाही. अर्थमध्ये अँप हे साधन आहे. सनमध्ये अँप हाच वादक आहे, आणि माणसं त्याच्या सेवेला उभी आहेत. ती माणसं लांब कफन्या घालून, डोक्यावरून टोप ओढून धुरात उभी राहतात. काहींना ते नाटकी वाटतं. मलाही पहिल्यांदा वाटलं होतं. पण वाजवणारा दिसू नये, आवाज दिसावा असा त्यांचा हिशेब असेल तर तो बरोबर आहे.

इथे थोडं आकड्यांत शिरू, कारण सन कळायचा तर आकड्यांवाचून गत्यंतर नाही. नेहमीच्या गिटारची सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण ८२ कंपनांवर असते. सन ती 'ए'पर्यंत, म्हणजे ५५वर उतरवतो. तुलनेसाठी, काळी एकला गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार ६९च्या आसपास असते. म्हणजे सन आपल्या खर्जाच्याही खाली जातो. आता दोन गिटारी, एक नेमकी ५५वर आणि दुसरी अर्ध्या कंपनाने वर. दोन्ही एकदम वाजल्या की दर दोन सेकंदांनी आवाज फुगतो आणि बसतो. तंबोरा पूर्ण जुळण्याआधी जी लाट ऐकू येते तीच ही. तंबोरा जुळवणारा ती लाट घालवायला बसलेला असतो, आणि सन मुद्दाम तिच्यावर राहतो. सनमध्ये ताल शोधणाऱ्यांनी तो इथे शोधावा. ड्रम नाहीत, पण या लाटेचा श्वास आहे.

राहिलं डिस्टॉर्शन, म्हणजे अँप चढवून मुद्दाम फाटका केलेला आवाज. तंबोऱ्याला जवारी काढतात, दोरा सरकवतात, ते कशासाठी? मूळ सुराबरोबर वरचे सूर उमलावेत म्हणून. व्हॉल्व्हचा अँप त्याच्या ताकदीबाहेर चढवला की तोही मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सूर भरभरून द्यायला लागतो. ५५वरून ११०, १६५, २२०. सनची एकच कॉर्ड पाच मिनिटं शांतपणे ऐकली तर तिच्यात वरच्या बाजूला कुणीतरी गातंय असा भास होतो. भास कसला, ते सूर खरंच तिथे असतात.

याच कारणाने मोबाइलच्या स्पीकरवर सन ऐकून मत बनवू नये. तो एवढासा स्पीकर ५५ कंपनं काढूच शकत नाही. वरच्या सुरांवरून कान खालचा सूर मनाने जुळवून घेतो, म्हणून तो ऐकू आल्यासारखा वाटतो, पण छातीवरचा दाब गायब. सदाशिव पेठेतल्या एका मित्राकडे जुने मोठे स्पीकर आहेत. त्याने सनचा 'लाइफ मेटल' लावला तेव्हा मांडणीवरच्या सगळ्या भांड्यांतली एकच स्टीलची वाटी, डावीकडून तिसरी, थरथरून वाजायला लागली. कॉर्ड बदलली की ती गप्प, पुन्हा तीच कॉर्ड आली की सुरू. खालच्या काकू वर आल्या आणि विचारलं, "अरे, पंपाला काय झालंय?" त्यांचं निदान चूक असलं तरी ऐकणं पक्कं होतं. विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रोडला ढोल पोटात जाणवतो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. फरक एवढाच की ढोलाचा ठोका येतो आणि जातो, हा मुक्कामाला राहतो.

दोघांच्या वाटा कायमच्या वेगळ्या झाल्या त्या २००५मध्ये. 'अर्थ २'नंतर कार्लसनने नव्वदच्या दशकात आणखी दोन अल्बम काढले, मग व्यसनाने आणि तुरुंगाने त्याची बरीच वर्षं खाल्ली. परतला तो 'हेक्स' घेऊन, आणि तोही सनच्या अँडरसनच्या सदर्न लॉर्ड कंपनीकडून. भक्तांनीच देवाला पुन्हा देव्हाऱ्यात बसवलं. पण देव बदलून आला होता. डिस्टॉर्शन जवळपास गेलेलं, गिटार स्वच्छ, अमेरिकेच्या पश्चिमेतल्या ओसाड मैदानांची आठवण देणारी. आणि ड्रमवर एड्रियन डेव्हिस. तिच्याबद्दल कुणी पुरेसं लिहीत नाही, म्हणून मी लिहितो. जलद वाजवणाऱ्याची चूक पुढच्या ठोक्यात झाकली जाते. इतक्या सावकाश वाजवताना दोन ठोक्यांमधली जागा उघडी पडते, तिथे लपायला काहीच नाही. डेव्हिस ती जागा दर वेळी सारखी ठेवते, घाई नाही, आळसही नाही. अर्थचा पुढचा सगळा प्रवास तिच्या मनगटावर उभा आहे. २००८च्या अल्बममध्ये जॅझचा बिल फ्रिसेल गिटार घेऊन येतो, २०११ आणि २०१२च्या जोड अल्बममध्ये लोरी गोल्डस्टनचा चेलो आहे, २०१४मध्ये मार्क लॅनेगन गातो. २०१९ला पुन्हा फक्त कार्लसन आणि डेव्हिस. मला विचाराल तर सुरुवात 'हेक्स'पासून करा. 'अर्थ २' महत्त्वाचा आहे, पण 'हेक्स' पुन्हा पुन्हा लावला जातो.

सनने आवाज कमी केला नाही, घरात माणसं वाढवली. हंगेरीचा अत्तिला चिहार घशातून काढतो ते गाणं की मंत्र हे ठरवणं कठीण. २००५च्या 'ब्लॅक वन'साठी झस्थर या नावाने वाजवणाऱ्या मॅलिफिकला शवपेटीत बंद करून गायला लावलं. हा किस्सा सगळ्यांना पाठ असतो, आणि त्यापायी त्यांचा सगळ्यात चांगला अल्बम झाकोळतो. तो २००९चा 'मोनोलिथ्स अँड डायमेन्शन्स'. त्याचा शेवटचा तुकडा जॅझवादक एलिस कोल्ट्रेनच्या नावे आहे. सुरुवातीला नेहमीची जडशीळ गिटार, मग हळूहळू वाद्यवृंद उगवतो, आणि शेवटी ज्युलियन प्रीस्टरचा ट्रॉम्बोन एकटा उरतो. २०१४मध्ये गायक स्कॉट वॉकरबरोबरचा अल्बम आला. २०१९ला स्टीव्ह अल्बिनीने टेपवर रेकॉर्ड केलेला 'लाइफ मेटल', आणि त्याच वर्षी 'पायरोक्लास्ट्स'. हा दुसरा अल्बम म्हणजे त्याच मुक्कामात रोज सगळ्यांनी मिळून एक सूर धरून केलेला बारा-एक मिनिटांचा सराव. खर्जाचा रियाज थेट अल्बम म्हणून विकायची हिंमत आपल्याकडे अजून कुणी केलेली नाही.

तर ओळखायचं कसं? ड्रम आहेत आणि गिटारची तार न् तार ऐकू येते, तर अर्थ. ड्रम नाहीत, आणि धून शोधायला गेलं तर हाती नुसता सूर लागतो, तर सन. गोंधळ उडवणारा एकच अल्बम, तो वर सांगितलेला 'अर्थ २', कारण तिथे ड्रम जवळजवळ नाहीत आणि डिस्टॉर्शन भरपूर. तिथे गुणगुणून पाहा. पाच मिनिटांनी तोंडात रिफ बसला असेल तर तो कार्लसन आहे. आणि कधी खात्रीने सनचाच आवाज असून मागे खरेखुरे ड्रम ऐकू आले, तर तो बहुधा २००६चा 'ऑल्टर' असतो. तो त्यांनी जपानच्या बोरिस या बँडसोबत केला, आणि ड्रमवर बोरिसचा आत्सुओ आहे.